डोणगावचं खोटं लग्न

डोणगावात लग्न ठरलं की लोक आधी ब्राह्मणाकडे जात नसत, आधी मनकर्णाबाईकडे जात. मुहूर्ताचं काय, आजचा हुकला तर परवाचा निघतो. पण मनकर्णाबाईचे रांधायचे मोठाले पितळी गंज त्या दिवशी दुसऱ्या मांडवात असले, तर वऱ्हाडाच्या पानावर काय पंचांग वाढायचं? मेहकर तालुक्यातलं हे मोठं गाव. ज्वारी-कापसाची उलाढाल, भरलेला आठवडी बाजार, लग्नसराईत एकाच दिवशी दोन-दोन मांडव. आणि एवढ्या माणसांचं रांधता येईल अशी भांडी मात्र गावात एकाच घरी. ते घर सावकाराचं नव्हतं, पाटलाचंही नव्हतं. उकंडराव नावाच्या एका साध्या कास्तकाराचं होतं.

उकंडरावांच्या आधीची भावंडं जगली नव्हती, म्हणून जन्मल्याबरोबर त्यांना उकिरड्यावर ठेवून उचललं आणि हे नाव दिलं. यमानं नाव ऐकूनच तोंड फिरवावं, हा हेतू. यमानं फिरवलं खरं. पण पोरगंही मोठं होऊन असं अबोल निघालं की विचारू नका. "हाव" या एका शब्दापलीकडे उकंडरावांच्या तोंडून दुसरं काही ऐकलेला माणूस दाखवा आणि बक्षीस घ्या. औंदा पाऊस बरा होईल का? हाव. बैल विकता का? हाव. मग विकायचे मात्र नाहीत. बोलायचं ते मनकर्णाबाईनं, करायचं ते दोघांनी मिळून, अशी त्या घरातली वाटणी होती.

भांड्यांचा नाद लागला तो त्यांच्याच लग्नात. मनकर्णाबाईच्या बापानं मांडवासाठी गावातल्या एका बड्या घरून भांडी मागून आणली होती. पहिली पंगत उठली, दुसरी बसली, आणि त्या घरचा गडी दारात येऊन उभा राहिला: आमच्याकडे पाहुणे आलेत, भांडी आत्ताच्या आत्ता द्या. चुलीवर वरण उकळत होतं. ते मडक्यांत ओतून घेताना निम्मं सांडलं, आणि बाप व्याह्यांपुढे पागोटं काढून उभा राहिला. नवरी बाशिंगाआडून पाहत होती. वय तिचं काय असेल, दहा-अकरा. पण बापाचं ते उघडं डोकं तिला जन्मभर विसरता आलं नाही.

पुढे घर हातात आलं तशी तिनं सुरुवात केली. कापसाची गाडी खामगावच्या बाजाराला निघाली की दारातून सांगायची, "मले एकदाणी नको, गंज आणजा." उकंडराव म्हणायचे, "हाव." दुसऱ्या बायांच्या गळ्यात सोनं चढत गेलं, हिच्या कोठीत पितळ चढत गेलं. गंज, हंडे, कढया, पराती, घंगाळं, हातभर लांबीचे झारे. गाव हसायचं, "उकंडरावाची बायको गळ्यात परात घालून मिरवते." हसणाऱ्यांच्या घरी लग्न निघालं की तेच लोक पायरीवर येऊन बसायचे, आणि ही बया त्यांना चहा पाजायची.

भाडं नाही, अनामत नाही. भांड्यावर नाव घालायची आपल्याकडे केवढी हौस! साधी वाटी असली तरी तिच्या काठावर बाप-आजासकट नाव कोरून घेतात. मनकर्णाबाईच्या एकाही भांड्यावर एक अक्षर नव्हतं. तिचा प्रश्न एकच असायचा: "पानं किती?" पानं म्हणजे पंगतीला बसणारी माणसं. तो आकडा कळल्याशिवाय भांडं कोठीच्या बाहेर निघायचं नाही. कारण भांडं कमी पडून कोणाचा बाप मांडवात खाली पाहील, हे तिला या जन्मात पुन्हा पाहायचं नव्हतं. भांडं परत करताना रिकामं करू नये, ही तर घराघरातली रीत. कोणी पसाभर ज्वारी घालायचं, कोणी तूरडाळ, कोणी गुळाचा खडा. ते सगळं ती वेगळ्या कणगीत साठवायची आणि गावात बाई बाळंत झाली की तिच्या घरी पोचवायची. कोणाची बाई, कोणत्या आळीची, हे पाहायची नाही.

आळीवरूनच एकदा मोठा भडका उडाला होता. महारवाड्यातल्या तानुबाईच्या लेकीचं लग्न होतं. ती येऊन अंगणाबाहेर लांब उभी राहिली. मनकर्णाबाईनं नेहमीचा प्रश्न विचारला आणि उकंडरावांनी गाडी जुंपून भांडी तिच्या दारात नेऊन दिली. झालं! गावाच्या अंगाचा तिळपापड. आता त्या भांड्यांत आम्ही जेवायचं? मनकर्णाबाई म्हणाली, "चुलीवर चढतात ना भांडे? मंग विस्तवाले पुसा त्याची जात. माह्याकडं दोन कोठ्या नाहीत." तो हंगाम गावानं भांड्यांवर बहिष्कार टाकला. लोकांनी वरण मडक्यात शिजवलं, करपवलं, व्याह्यांची बोलणी खाल्ली. पुढच्या हंगामात एकेक जण पुन्हा पायरीवर येऊन बसला. डोणगावचा धर्म बुडाला तो एका उन्हाळ्यापुरता. दुसऱ्या उन्हाळ्यात भुकेबरोबर आपोआप वर आला.

हे सारं भिंतीपलीकडून पाहत आलेली बाई म्हणजे सुभद्राबाई. तिचं घर मनकर्णाबाईच्या घराला लागूनच. नवरा तरुणपणी गेला; ना दीर, ना भाऊ, पदरात एक लेक, पुष्पा. नवरा गेला तेव्हा तिची चूल किती तरी दिवस पेटली नव्हती आणि तरी पोर उपाशी झोपली नव्हती, एवढं सांगितलं की पुरे. मनकर्णाबाईला मूलबाळ नव्हतं. पुष्पा त्या कोठीतच परातीत बसून झोके घेत वाढली, मोठ्या हंड्यात तोंड घालून गाणी म्हणत वाढली, आणि बघता बघता लग्नाची होऊन लग्नाच्या वयाच्या पुढेही गेली. एक स्थळ ठरलं होतं. सुपारी फुटली, आणि मग वरपक्षानं निरोप धाडला: मांडवात उभा राहायला बाप नाही, भाऊ नाही, आमचा मानपान कोण करील? मोडलं. त्या दिवसापासून सुभद्राबाई बाजारातही खाली मान घालून जायची. एकदा मोडलेलं लोक विसरतात. दुसऱ्यांदा मोडलं तर मुलीतच खोट काढतात, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

असं चाललं असताना गावाला एकाएकी कृतज्ञता सुचली. लोकल बोर्डाचे मेंबर महादेवराव बुलढाण्याहून बातमी घेऊन आले: या जोडप्याचा सत्कार करायचा, मोठ्या साहेबांच्या हातून शाल-नारळ द्यायचं. मध्यप्रांत-वऱ्हाडात असं जोडपं दुसरं नाही, असं मानपत्रही त्यांनी मनातल्या मनात रचून आणलं होतं. मनकर्णाबाई राखेनं परात घासत होती. हात न थांबवता म्हणाली, "जेवले लोकं, रांधलं लोकाइनं, अन् सत्कार माहा काऊन? ज्या दिवशी माह्या गळ्यात हार पडन, त्या दिवशी कोठीले कुलूप. हो का नाही वो?"

"हाव," उकंडराव म्हणाले.

महादेवराव परत आले, पण गाव आता हट्टाला पेटलं होतं. साहेब नको तर नको, आपण करू! गावजेवण घालायचं, दोघांना मधोमध बसवायचं, आणि कळायच्या आत हार घालून मोकळं व्हायचं. गळ्यात हार पडल्यावर काय करील? पारावर सगळ्यांच्या अंगात वारं शिरलं. कोणी लाडू म्हणालं, कोणी जिलबी. आणि मग कोणीतरी विचारलं, "गावजेवण खरं, पण भांडे?"

भांडी म्हणजे मनकर्णाबाई! मेहकरहून आणावीत, तर परकी भांडी गावात शिरली हे पाहून ती जिवंतपणी मेली असती. आता तिच्याच सत्काराला तिचीच भांडी तिला नकळत आणायची तरी कशी? शेवटी भजनी मंडळाचा तुळशीराम उठला. गळा गोड, जीभ सैल. म्हणाला, "लगन आहे म्हणून मागतो. त्यात काय?"

गेला. मनकर्णाबाईनं विचारलं, "कोणाचं लगन?"

एवढा साधा प्रश्न येईल हे त्या शहाण्याच्या डोक्यातच नव्हतं. गावातली लग्नाची पोरं-पोरी मनकर्णाबाईला तोंडपाठ होती. औंदा उरलेली उपवर मुलगी एकच. तुळशीरामच्या तोंडून निघून गेलं, "आपल्या पुष्पीचं."

"पुष्पीचं! कुठलं ठिकाण?"

खोटं बोलायचं तर निम्मं तरी खरं असावं, म्हणून त्यानं चिखलीच्या धान्यबाजारात एकदा भेटलेल्या गृहस्थाचं नाव ठोकून दिलं. "चिखलीचे भगवानराव. आपल्यातलेच आहेत. उत्तम त्या पोराचं नाव, मास्तर आहे."

"अन् पानं किती?"

"ते..." तुळशीरामच्या कपाळावर घाम फुटला. "ते वरपक्षाकडूनच कळन."

दुसऱ्या दिवशी उन्हं वर आल्यावर तो सुभद्राबाईच्या दारात आला तो पायच धरायला. "वहिनी, माह्या हातून चूक झाली." काय झालं ते ऐकलं आणि सुभद्राबाईनं हातातलं सूप त्याच्या अंगावर भिरकावलं. "मेल्या, तुले गावात दुसरी पोरगी भेटली नाही? माह्या पोरीचं मोडलेलं एक पुरलं नाही काय तुमाले?" तुळशीराम पळाला तो थेट सासुरवाडीला. आणि ती तशीच भिंत ओलांडून निघाली, सगळं खरं सांगून टाकायला.

अंगणात पाऊल टाकलं आणि ती जागच्या जागी थांबली. अख्खी कोठी अंगणात आली होती. गंज उन्हात झळकत होते, चिंचेच्या पाण्यानं पराती लखलखत होत्या, आणि मधोमध मनकर्णाबाई पदर खोचून उभी. सुभद्राबाई दिसताच ती धावतच आली आणि गळ्यात पडली. हसत होती, रडत होती. "मले एका शब्दानं सांगतलं नाही वं, सुभद्रे? येवढी परकी झाली मी? जाऊ दे. आता बोलत नाही मी काही. पुष्पीचं लगन! आजपावतर रांधलं ते समदं हात बसवाले रांधलं, असं समज."

तिच्या खांद्यावरून सुभद्राबाईला पलीकडे पुष्पा दिसली. हंडा घासत बसली होती. कित्येक दिवसांनी पोरीनं वेणीत फूल माळलं होतं. तिनं मान वर केली, आईकडे पाहिलं आणि लाजून हळूच विचारलं, "माय, मास्तर आहेत म्हणे?"

खरं सांगायला आलेल्या सुभद्राबाईला आता ते सांगवेना. कसंबसं म्हणाली, "मोठ्याबाई, येवढी घाई कायले? अजून पानं ठरले नाहीत..."

"म्हणून तं धाडलं न आमच्या यायले!" मनकर्णाबाई म्हणाली. "वरपक्षानं पानं सांगतले नाहीत, मंग आपण जाऊन पुसाव. सकाळीच गेले. मेहकरपावतर गाडी, तिथून चिखलीची मोटर."

सुभद्राबाईनं मनात हिशेब मांडला. म्हणजे आता उकंडराव चिखलीच्या भर बाजारात जाऊन विचारणार, तुमचं वऱ्हाड किती? आणि तो गृहस्थ म्हणणार, कसलं वऱ्हाड, कोणाची पोरगी? बाजारात डोणगावचे लोक असतात, मेहकरचे असतात. संध्याकाळपर्यंत पाच गावं म्हणतील, नसलेल्या सोयरिकीसाठी बाई माणसं धाडते, पोरीत काहीतरी असल्याशिवाय का? पुष्पाचं नाव जन्माचं गेलं! आणि जाऊन जाऊन गेलं कोण, तर "हाव"खेरीज बोलता न येणारा माणूस. तो माणूस तिथं काय सांगणार होता?

ते दोन दिवस पाराची पाचावर धारण बसली. महादेवराव मानपत्राचा विषय काढला की खोकायला लागायचे. सत्कार करायला निघालेलं गाव आता एकमेकांच्या तोंडाकडे पाहायला घाबरत होतं. करायला गेले गणपती आणि झाला मारुती. इकडे मनकर्णाबाई दळणकांडणाला बायका लावून मोकळी झाली होती, आणि पुष्पा जात्यावर ओव्या म्हणत होती. प्रत्येक ओवी सुभद्राबाईच्या काळजात टोचत होती. पोरीला बाजूला घेऊन खरं सांगावं असं तिनं दहादा ठरवलं, दहादा पोरीचा चेहरा पाहून ती परत फिरली.

तिसऱ्या दिवशी दुपारी पोरं ओरडत आली, "गाडी आली! गाडी आली!" उकंडराव एकटे गेले होते. परतलेल्या गाडीत चौघं होते. पुढे स्वतः उकंडराव, मागे फेटा बांधलेला एक भारदस्त माणूस, त्याची बायको, आणि काळी टोपी घातलेला एक तरुण, जो आपल्या चपलांकडे पाहत होता.

भांडायलाच आले! सुभद्राबाईनं मनाशी म्हटलं. मग ती उठली, पदर नीट केला. आता जे व्हायचं ते आपल्या उंबऱ्याच्या आत होऊ दे. मनकर्णाबाई पाहुण्यांच्या स्वयंपाकाला पळाली होती, ते बरंच झालं. पाहुणे बसले, पाणी प्याले, आणि कोणी काही बोलायच्या आत तीच बोलली. हात जोडून, एका दमात. "भगवानराव, तुमची माफी मागतो. सोयरीक नव्हती. गावानं शेजारच्या मोठ्याबाईच्या सत्कारासाठी खोटं उठवलं अन् तुमचं नाव घेतलं. माहा अन् माह्या पोरीचा त्यात काही दोष नाही. तुमाले काय बोलाचं ते मले बोला, पण बाहेर जाऊन पोरीचं नाव घेऊ नका."

भगवानरावांनी मिशीवरून हात फिरवला. "सोयरीक नव्हती हे मले ठाऊक नसन काय, बाई? माह्या पोराची सोयरीक मले पुसल्याबिगर होते काय?" आणि ते मोठ्यानं हसले. "हा माणूस माह्या दुकानी आला अन् म्हणे, पानं किती? म्या म्हटलं, कायचे पानं? कोणाचं लगन? आता ह्याले वाटलं, आम्ही सोयरीक मोडून राह्यलो. मंग जे बोलला हा माणूस! भर बाजारात, मापाऱ्याचं माप थांबलं, बाई!"

"हे बोलले?" सुभद्राबाईचा विश्वास बसेना. उकंडराव खांबाला टेकून बसले होते, आणि दुसऱ्याच कोणाबद्दल चाललंय अशा चेहऱ्यानं तंबाखू मळत होते.

"हेच! म्हणे, बाप नाही म्हणून मोडता काय? बाप मी आहो. तीन वर्षाची होती तवापासून माह्या अंगणात वाढली. तिले रांधता येते, निवडता येते, अन् पंगतीत कोणाच्या पानावर काय कमी आहे ते तिले न सांगता दिसते. अशी पोरगी तुमाले दिवा घेऊन धुंडली तं भेटन काय? मानपान पाह्यजे? माह्या दोन्ही बैलजोड्या सोडून नेजा, पण पोरीले खाली पाहाले लावू नका. एका बापाचं उघडं डोस्कं माह्या बायकोनं पाह्यलं होतं, ते आजपावतर तिच्या डोळ्यातून गेलं नाही." भगवानरावांनी फेटा सारखा केला. "म्या म्हटलं, ज्या पोरीसाठी शेजारचा माणूस असा बोलते, ती पोरगी पाह्यल्याबिगर राहाचं नाही. अन् आमचा मास्तर तं माह्या आंधी तयार."

काळ्या टोपीचे कान लाल झाले.

पुष्पा पोहे घेऊन आली. पाहण्याचा कार्यक्रम कसला, भगवानरावांच्या बायकोच्या बशीत शेंगदाणे कमी पडले होते, ते पुष्पानं न सांगता वाढले, आणि ती बाई नवऱ्याकडे पाहून हसली. तेवढ्यावर सगळं झालं. दिवस तर गावानं गावजेवणासाठी आधीच धरून ठेवला होता! सुपारी फुटली आणि बाहेर कान लावून उभी असलेली पोरं गल्लीतून बोंबलत सुटली. "ठरलं! खरंच ठरलं!" पारावर महादेवरावांनी खोकणं सोडलं. सासुरवाडीला निरोप गेला, आणि तुळशीराम अशा तोऱ्यात परतला की जसं काही हे सगळं त्यानंच जुळवलं.

पाहुणे गेल्यावर सुभद्राबाई मनकर्णाबाईकडे गेली. आता लपवण्यात अर्थ नव्हता, आणि लपवायचंही नव्हतं. तिनं सगळं सांगितलं: सत्कार, गावजेवण, तुळशीराम, खोटं स्थळ. मनकर्णाबाई ऐकत राहिली. मग तिला जे हसू लोटलं ते आवरेना. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "म्हंजे आमचा हा बाप्या खोट्या सोयरिकीसाठी चिखलीत खरं भांडला?" हसता हसता एकदम थांबली. तोंड कठीण झालं. "पण सुभद्रे, मी सांगतलं होतं. हार पडला की कोठीले कुलूप. गावानं माह्याशी खोटं बोलून माहेच भांडे मागाव? लगन होऊ दे पोरीचं. त्या दिवशी सांजेले कुलूप लावतो."

सुभद्राबाई या बाईपुढे उभ्या जन्मात मोठ्यानं बोलली नव्हती. आज बोलली. "लावा! पण आंधी माह्या पोरीचं कन्यादान करा."

"काय म्हणतं?"

"मले करता येत नाही, मोठ्याबाई. विधवेच्या हातचं चालत नाही. दीर नाही, भाऊ नाही. भगवानरावाच्या दुकानी बाप कोण म्हणून पुसलं तं कोण उभं राह्यलं? हार नको, शाल नको. तुमी दोघं पाटावर बसा. गावाले काय म्हणाचं ते म्हणू द्या, मी म्हणतो म्हणून बसा."

सत्कार नाकारता येतो. पण दान कर म्हटल्यावर नाही कसं म्हणणार ती? दारातून आवाज आला, "हाव."

दोघींनी वळून पाहिलं. उकंडराव उंबऱ्यावर बसले होते, पाठमोरे.

लग्नाच्या दिवशी डोणगावच्या सगळ्या वाटा एकाच मांडवाकडे चालल्या होत्या. वाजंत्री, पोरांची पळापळ, आंब्याचे डहाळे, चुलीवर एकाच ओळीत चढलेले गंज. पण चुलीपाशी मनकर्णाबाई नव्हती. गावच्या बायकांनी तिला तिथून हाताला धरून उठवलं. तानुबाई तिच्या आळीतल्या बायकांसह जळण घेऊन आली होती. मनकर्णाबाईनं तिलाही मांडवात आत बोलावून घेतलं, आणि त्या दिवशी कोणाची हूं की चूं करायची छाती झाली नाही. एवढ्या लग्नांत अक्षता पडताना ही बाई नेहमी मागे पंगतीच्या घाईत असायची. अक्षता पडतात कशा, हे तिनं आपल्या लग्नानंतर पाहिलंच नव्हतं. आज ती पुढे होती, नवऱ्याशेजारी, सकाळपासून उपाशी, कारण कन्यादान होईपर्यंत मुलीच्या आईबापानं खायचं नसतं.

भटजींनी झारी तिच्या हातात दिली. उकंडरावांच्या तळहातावर पाण्याची धार सोडायची होती. भरलेला गंज एकटीनं उतरवणारे ते हात. उकंडरावांनी दुसऱ्या हातानं खालून आधार दिला. धार पडली. मांडवातलं अख्खं गाव उभं होतं, कोणी सांगितलं नव्हतं तरी.

मग आहेर सुरू झाले. महादेवराव लगबगीनं पुढे आले आणि बोर्डाची शाल उकंडरावांच्या खांद्यावर, नारळ-खण मनकर्णाबाईच्या ओटीत घालून मोकळे झाले. मनकर्णाबाईनं डोळे वटारले. "हे काय वो, मेंबर?"

"आहेर," महादेवराव साळसूदपणे म्हणाले. "पोरीच्या मायबापाले आहेर करू नये काय?"

मांडवातला आहेर परत करणं म्हणजे लग्नाला गालबोट. तिनं नारळ ओटीत नीट धरला. त्यांच्यामागे मग रांगच लागली. ज्यांच्या ज्यांच्या घरची लग्नं तिच्या भांड्यांत शिजली होती ते सगळे आले, कोणी खण घेऊन, कोणी टोपी, कोणी नुसतंच वाकायला. मानपत्र महादेवरावांच्या खिशातच राहिलं आणि त्याची कोणालाही आठवण झाली नाही, त्यांनासुद्धा; आणि कोठीच्या कुलपाची मनकर्णाबाईलाही झाली नाही.

उन्हं उतरली आणि पाठवणीची वेळ झाली. गाडी जुंपली. पुष्पा आईच्या पाया पडली, आणि मग मनकर्णाबाईकडे वळली. गावातल्या किती तरी पोरींना या बाईनं कोरड्या डोळ्यांनी वाटेला लावलं होतं. लोक रडायला लागले की ती म्हणायची, "चला आता, भांडे मोजा." आज तिनं पुष्पाच्या पाठीवर हात ठेवला आणि भांड्यांकडे वळून पाहिलंही नाही. गाडी हलली. मनकर्णाबाई दोन पावलं गाडीमागे गेली, थांबली, आणि मग भर वाटेत मातीत बसून लहान पोरीसारखी हमसून हमसून रडायला लागली. उकंडराव शाल डोळ्यांना लावून पलीकडे उभे, ते कामाचेच नव्हते. सुभद्राबाई धावली. तिला छातीशी धरलं, पदरानं तोंड पुसलं, पाठीवरून हात फिरवत राहिली, "उगी, मोठ्याबाई, उगी, पोरगी चिखलीलेच तं गेली." गाडी वळणाआड गेली, धूळ खाली बसली, तरी ती बाई शांत होईना. आणि पोरीच्या सख्ख्या आईला त्या दिवशी रडायला सवडच मिळाली नाही.